गोव्यातील प्राचीन ग्रॅनाइटचे वय कसे काढावे: नवख्यांसाठी मार्गदर्शन

काणकोणच्या ग्रॅनाइटचे वय जुन्या शोधनिबंधांत २३९५ ± ३९० दशलक्ष वर्षे असे दिलेले आढळते. त्यातील ± नंतरचा आकडा न वाचता पुढे जाण्याची चूक बहुतेक नवखे करतात. त्या आकड्याचा अर्थ असा की खरे वय २००५ ते २७८५ दशलक्ष वर्षांमध्ये कुठेही असू शकते. हा पल्ला ७८ कोटी वर्षांचा आहे, आणि कँब्रियन काळाच्या आरंभापासून आजपर्यंतची वर्षे जेमतेम ५४ कोटी भरतात. चंद्रनाथ डोंगराच्या ग्रॅनाइटी पट्टिताश्मासाठी (उष्णता व दाबाने पट्टे पडलेला खडक, म्हणजे नाइस) २६५० ± १०० दशलक्ष वर्षे दिलेली आहेत. म्हणजे काणकोणचा खडक चंद्रनाथपेक्षा तरुण आहे, समवयस्क आहे की थोरला आहे, हे या दोन आकड्यांवरून सांगताच येत नाही. गोव्यातील ग्रॅनाइटवर आजही नव्याने काम करण्यास जागा आहे ती यामुळेच.

एम.एस्सी.चा प्रबंध किंवा पीएच.डी.चे पहिले वर्ष सुरू करणारे, आणि खडकाचे वय काढून घ्यायचे आहे पण सुरुवात कुठून करावी ते न उमजणारे विद्यार्थी यांच्यासाठी हा लेख आहे. मी या सर्व टप्प्यांतून गेलो आहे. माझा अनुभव असा की यंत्रासमोर बसण्याचा काळ सर्वांत थोडा असतो. मिळालेल्या आकड्याला अर्थ येतो तो त्याआधीच्या निर्णयांमुळे, आणि ते निर्णय डोंगरावर, खलबत्त्यापाशी आणि सूक्ष्मदर्शकाखाली घेतले जातात.

१. प्रश्न आधी, पद्धत नंतर

"या खडकाचे वय किती?" हा प्रश्न अपुरा आहे. ग्रॅनाइटच्या एकाच तुकड्यात निदान चार वेगळी वये नांदू शकतात: ज्या जुन्या कवचाच्या वितळण्यातून शिलारस तयार झाला त्याचे वय, शिलारस गोठला तो काळ, नंतर उष्णता व दाबामुळे झालेल्या रूपांतरणाचा काळ, आणि खडक वर उचलला जाऊन थंड झाला तो काळ. प्रत्येक पद्धत यांपैकी एखाद्याच प्रश्नाचे उत्तर देते.

गोठण्याचा काळ हवा असेल तर झिरकॉन या खनिजावरील युरेनियम-शिसे पद्धतीला आज पर्याय नाही. स्फटिक बनताना झिरकॉन युरेनियमला सामावून घेतो आणि शिशाला जवळजवळ पूर्णपणे बाहेर ठेवतो. त्यामुळे आज त्यात सापडणारे शिसे बहुतांशी त्याच्याच पोटात तयार झालेले असते. त्यातही दोन घड्याळे एकत्र चालतात. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य सुमारे ४४६८ दशलक्ष वर्षे असून त्यातून शिसे-२०६ तयार होते, तर युरेनियम-२३५ चे अर्धायुष्य सुमारे ७०४ दशलक्ष वर्षे असून त्यातून शिसे-२०७ तयार होते. दोन्ही घड्याळांनी एकच वेळ दाखवली तर निश्चिंत व्हावे. न दाखवल्यास काय बिघडले याचा मागही त्या तफावतीतूनच लागतो.

वर दिलेली गोव्याची वये रुबिडियम-स्ट्रॉन्शियम पद्धतीने, संपूर्ण खडकाची पूड वापरून काढलेली आहेत. त्या पद्धतीत सर्व नमुने एकाच वेळी, एकाच आरंभीच्या समस्थानिक गुणोत्तराने (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानांच्या अणूंच्या प्रमाणाने) तयार झाले आणि नंतर त्यांच्यात काही आत-बाहेर झाले नाही, असे गृहीत धरावे लागते. अब्जावधी वर्षे ज्याने रूपांतरण आणि पाणी सोसले, त्या खडकाकडून ही अपेक्षा फार मोठी आहे. तरीही ती वये टाकून देण्यासारखी नाहीत, कारण पहिला आराखडा त्यांनीच दिला. फक्त ती वापरण्यापूर्वी रुबिडियम-८७ चा कोणता क्षयस्थिरांक, म्हणजे किरणोत्सर्गी क्षयाच्या वेगाचा आकडा, घेतला होता हे पाहा. १९७७ पासून प्रचलित असलेल्या वर्षाला १.४२ × १०⁻¹¹ या मूल्याऐवजी अलीकडचे १.३९७ × १०⁻¹¹ हे मूल्य घेतले, तर तेच मोजमाप सुमारे १.६ टक्क्यांनी जुने ठरते. जुन्या मूल्याने काढलेले २६५० दशलक्ष वर्षांचे वय अशा रीतीने २६९० च्या थोडे पुढे जाते. झिरकॉनच्या वयाशी तुलना करताना चाळीस दशलक्ष वर्षांचा हा फरक क्षुल्लक राहत नाही.

खडक थंड होण्याचा इतिहास हवा असेल तर हॉर्नब्लेंड किंवा बायोटाइटवरील आर्गॉन पद्धत घ्यावी. हॉर्नब्लेंडचे घड्याळ साधारण ५०० ते ५५० अंश सेल्सिअसला आणि बायोटाइटचे ३०० ते ३५० अंशांच्या आसपास सुरू होते. झिरकॉनमधील युरेनियम-शिशाचे घड्याळ मात्र ९०० अंशांच्या वरही सहसा पुसले जात नाही.

२. गोव्याचा खडकपट एकदा नीट समजून घ्या

गोवा हा पश्चिम धारवाड क्रॅटॉनचा, म्हणजे भूकवचाच्या एका प्राचीन, स्थिर तुकड्याचा, वायव्येकडील कोपरा आहे. तळाशी अनमोड घाटात दिसणारा ट्रॉन्जेमाइटी (ग्रॅनाइटसारख्याच, पण सोडियमप्रधान फिकट खडकाचा) पट्टिताश्म आहे, आणि त्याच्यासाठी ३४०० ± १४० दशलक्ष वर्षे हे वय दिले गेले आहे. त्यावर गोवा समूहाचे रूपांतरित खडक येतात. त्यांची बार्से, सांवर्डे, डिचोली आणि वागेरी ही नावे आपल्याच गावांवरून व डोंगरांवरून पडलेली आहेत. बार्सेमध्ये मुख्यतः रूपांतरित बेसाल्ट, सांवर्डेमध्ये ग्रेवॅक (मातकट वालुकाश्म) व आर्जिलाइट (घट्ट झालेला चिखलाचा खडक), डिचोलीमध्ये पट्टेदार लोहखनिजाचे थर आणि वागेरीत पुन्हा बेसाल्ट व ग्रेवॅक असा हा क्रम मानला जातो. चंद्रनाथ, दूधसागर आणि काणकोण येथील ग्रॅनाइट हे अनमोडच्या पट्टिताश्मापेक्षा पुष्कळ नंतरचे मानले जातात. ईशान्येकडे सह्याद्रीच्या माथ्यावर यांवर दख्खनचा बेसाल्ट पसरला आहे. तो अवघा ६६ दशलक्ष वर्षांच्या आसपासचा असल्यामुळे आपल्या हिशेबात तो कालचा म्हणावा लागतो.

या क्रमातील प्रत्येक जोडणी हा एक प्रश्न आहे, आणि तुमचा नमुना अशाच एखाद्या जोडणीवर बोट ठेवणारा असावा. "काणकोणचा ग्रॅनाइट" हा विषय होऊ शकत नाही. "काणकोणचा पोटॅशियमप्रधान ग्रॅनाइट आर्कियन महाकल्प संपण्यापूर्वी, म्हणजे २५०० दशलक्ष वर्षांपूर्वी, गोठला होता का?" हा विषय होऊ शकतो.

३. नकाशे, परवानग्या आणि कागदपत्रे

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश या संकेतस्थळावर १:५०,००० प्रमाणाचे भूशास्त्रीय नकाशे मिळतात. त्यांच्या जोडीला भारतीय सर्वेक्षण विभागाची टोपोशीट घ्या. या नकाशांवरील सीमारेषा जांभ्याखालून अंदाजाने ओढलेल्या असू शकतात, हे ध्यानात ठेवून पाहणीला निघा.

परवानगीच्या बाबतीत "एक दगड तर घ्यायचा आहे" हा विचार मनातून काढून टाका. दूधसागरचा परिसर भगवान महावीर अभयारण्य व मोले राष्ट्रीय उद्यानात येतो आणि काणकोण तालुक्याचा मोठा भाग खोतीगाव अभयारण्यात मोडतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तेथे संशोधनासाठी जाण्यास मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते, आणि नमुना बाहेर नेण्याचा उल्लेख अर्जात स्वतंत्रपणे करावा लागतो. ती मिळण्यास वेळ लागतो, म्हणून पावसाळ्यातच अर्ज करावा आणि हिवाळ्यात क्षेत्रकामाला जावे. रेल्वेमार्गालगतच्या कटाईत खडक कितीही ताजा दिसला तरी रेल्वेच्या अनुमतीशिवाय रुळांवर जाऊ नये.

सोबत ठेवण्याचे कागद असे:

- विभागप्रमुखांचे किंवा मार्गदर्शकांचे पत्र, त्यात गावांची नावे व नमुन्यांचे अंदाजे वजन
- वनखात्याची परवानगी, जेथे लागू असेल तेथे
- कोमुनिदाद (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था), देवस्थान किंवा खासगी जमीनमालकाचे ना-हरकत पत्र
- खडीच्या खाणीत जायचे असल्यास चालकाची लेखी संमती
- ओळखपत्र आणि या सर्वांच्या दोन-दोन प्रती

चंद्रनाथच्या माथ्यावर देऊळ आहे. तेथे हातोडा चालवण्याचा प्रश्नच येत नाही, आणि पायथ्याशी नमुना घेतानाही पारोड्यातील कुणाला तरी आधी सांगून ठेवावे. अनोळखी माणसे घण घेऊन डोंगर फोडताना दिसली की गावकऱ्यांनी जाब विचारणे गोव्यात साहजिक आहे, आणि बऱ्याचदा ते योग्यही असते.

४. डोंगरावर: कोणता दगड घ्यावा

अर्धे यश याच टप्प्यावर ठरते, म्हणून येथे घाई करू नका.

पहिली अडचण जांभ्याची आणि झिजेची. आपल्याकडच्या पावसाने ग्रॅनाइट खोलवर कुजतो. वरून टणक दिसणाऱ्या दगडातील फेल्स्पार आतून पांढरट मातकट झालेला असतो आणि बायोटाइटचे क्लोराइट झालेले असते. झिरकॉन स्वतः या झिजेत टिकून राहतो, त्यामुळे केवळ युरेनियम-शिसे वय हवे असेल तर थोडा झिजलेला नमुनाही चालून जातो. मात्र त्याच नमुन्याचे रासायनिक विश्लेषण करायचे असेल, आणि ते करायलाच हवे, तर ताजा गाभा मिळेपर्यंत फोडत राहावे लागते. चालू किंवा नुकतीच बंद पडलेली खडीची खाण, रस्त्याची नवी कटाई आणि नदीपात्रातील घासलेले उघडे खडक ही त्यासाठी चांगली ठिकाणे आहेत.

पाळोळे, आगोंद अशा किनाऱ्यांवर खडक धुतलेला व ताजा दिसतो. तेथे दोन गोष्टी सांभाळा. समुद्राच्या पाण्याने स्ट्रॉन्शियम आणि सोडियमची गणिते बिघडतात. दुसरे म्हणजे फटींत अडकलेल्या वाळूत परक्या झिरकॉनचे कण असतात. असा नमुना फोडण्यापूर्वी ब्रशने घासून नळाच्या पाण्याने धुवावा आणि त्याचा बाहेरचा थर काढून टाकावा.

दुसरी अडचण मिश्रणाची. पट्टिताश्मात फिकट व गडद पट्टे असतात, आणि मध्येच नंतरच्या ग्रॅनाइटच्या किंवा पेग्मटाइटच्या (फार भरड स्फटिकांच्या खडकाच्या) शिरा घुसलेल्या असतात. सगळे एकत्र पिशवीत भरले तर झिरकॉनच्या दोन पिढ्या एकत्र येतात आणि कोणती कुणाची हे पुढे कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. प्रत्येक घटकाचा नमुना वेगळा घ्या. ग्रॅनाइटमध्ये अडकलेला गडद खडकाचा उपरा तुकडा दिसला तर त्याचे छायाचित्र व मोजमाप नक्की घ्या. तो तुकडा ग्रॅनाइटपेक्षा जुना असणारच, आणि आकड्यांशिवाय मिळणारी ही कालक्रमाची साक्ष फार मोलाची असते. डोलेराइटची भित्ती (फटीत घुसून गोठलेल्या गडद शिलारसाची भिंत) जवळ असेल तर तिच्यापासून दूर सरका, कारण तिने शेजारचा खडक तापवलेला असतो.

किती घ्यावे? साध्या ग्रॅनाइटचे ३ ते ५ किलो झिरकॉनसाठी पुरतात. ट्रॉन्जेमाइटमध्ये झिर्कोनियम कमी असल्याने ८ ते १० किलो घेतलेले बरे. काणकोणच्या ग्रॅनाइटमध्ये फेल्स्पारचे मोठमोठे स्फटिक असतात. त्यामुळे त्याच्या रासायनिक विश्लेषणासाठी मूठभर तुकडा प्रातिनिधिक ठरत नाही, तर १० किलोच्या आसपासचा ताजा नमुना दळून त्यातून वाटा काढावा लागतो. याशिवाय पातळ छेदासाठी एक चौकोनी तुकडा वेगळा ठेवा.

साधने मोजकीच लागतात: घण, छिन्नी, भूशास्त्रीय हातोडा, सुरक्षा चष्मा, होकायंत्र, जीपीएस, जाड नव्या पिशव्या, न पुसणारी शाई, आणि छायाचित्रात प्रमाण दाखवण्यासाठी पट्टी. पिशवी नवीच हवी. ज्या गोणपाटात आधी दुसरा दगड होता तो वापरू नये. नमुना क्रमांक पिशवीवर, पिशवीत टाकलेल्या चिठ्ठीवर आणि दगडावर अशा तिन्ही ठिकाणी लिहावा.

५. दगडातून झिरकॉन वेगळे करणे

पाच किलो दगडातून शेवटी चिमूटभर पूड हाती येते, आणि तिच्यातला एक जरी कण दुसऱ्या नमुन्याचा असला तरी निष्कर्ष वाकडा होऊ शकतो. म्हणून येथील मुख्य काम स्वच्छतेचे आहे. जबडा-चुरडणी यंत्र आणि चकती-गिरणी प्रत्येक नमुन्यापूर्वी उघडून, ब्रश व हवेच्या झोताने साफ करून, अल्कोहोलने पुसावी. त्यानंतर आपल्याच नमुन्याचा थोडा भाग दळून तो फेकून द्यावा. चाळणीची जाळी शक्यतो नायलॉनच्या कापडाची घ्यावी आणि नमुन्यागणिक नवी वापरावी. विभागातील सामाईक चाळणीच्या भोकांत आधीच्या कित्येक प्रबंधांचे झिरकॉन अडकलेले असतात, असे समजूनच वागावे.

क्रम साधारण असा आहे. दगड अंगठ्याएवढा फोडा, चुरडा, दळा आणि २५० मायक्रॉनच्या चाळणीतून काढा. एकदम बारीक दळू नका. थोडे दळून चाळत गेले की झिरकॉन मोडत नाहीत. मग धुवून बारीक गाळ काढून टाका आणि तबकात पाण्याखाली हलवत हलका भाग वाहू द्या. शेतकरी सुपात पाखडून कोंडा उडवतात तोच न्याय येथे पाण्यात लागू होतो. पाणी नळाचे, गाळलेले असावे. ओहोळाच्या किंवा समुद्राच्या पाण्यात हे काम कधीही करू नये.

वाळलेल्या जड भागातून आधी हातातल्या लोहचुंबकाने मॅग्नेटाइट काढा. नंतर फ्रांट्झ चुंबकी विभाजकावर विद्युत्प्रवाह टप्प्याटप्प्याने वाढवत न्या. शेवटी जड द्रव वापरा. ब्रोमोफॉर्मची घनता सुमारे २.८९ असून त्यात क्वार्ट्झ व फेल्स्पार तरंगतात. मिथिलीन आयोडाइडची सुमारे ३.३ असून त्यात ॲपाटाइटही वर राहते. झिरकॉनची ४.६ च्या पुढे असल्याने तो दोन्हींत बुडतो. ही दोन्ही द्रव्ये विषारी आहेत, त्यामुळे धूर ओढणाऱ्या कपाटाबाहेर ती उघडू नका. सोय असेल तर टंगस्टनयुक्त, पाण्यात विरघळणारे जड द्रव वापरा. ते महाग असले तरी गाळून पुन्हा वापरता येतात.

एक सापळा येथे सांगायलाच हवा. किरणोत्सर्गाने ज्यांची जाळीरचना मोडली आहे असे झिरकॉन अधिक चुंबकी असतात, म्हणून काही जण केवळ अगदी अचुंबकी भागच घेतात. एकाच शिलारसाच्या ग्रॅनाइटसाठी हे समर्थनीय आहे. सांवर्डेच्या ग्रेवॅकसारख्या अवसादी खडकासाठी मात्र नाही, कारण तेथे तुम्ही नकळत एखाद्या उगमप्रदेशाचे कणच वगळून टाकाल.

६. कण वेचणे, बसवणे आणि त्यांचे चित्र घेणे

द्विनेत्री सूक्ष्मदर्शकाखाली सुईने कण वेचा. केवळ सुंदर, लांबट, पारदर्शक कण निवडण्याचा मोह होतो. तो आवरा, आणि रंग व आकार यांनुसार गट करून प्रत्येक गटातून घ्या. ग्रॅनाइटसाठी पन्नास-साठ कण बसवले तर त्यांतील पंचवीस-तीस मोजण्यालायक मिळतात. अवसादी खडकाला शंभरावर वये लागतात, म्हणून तेथे दोनशे कण बसवावेत.

कण दुहेरी चिकटपट्टीवर ओळीने लावून २५ मिलिमीटर व्यासाच्या इपॉक्सी गोटीत बसवतात आणि अर्धे झिजेपर्यंत घासून एक मायक्रॉनच्या हिरकपेस्टने चकाकी देतात. त्यानंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर कॅथोडोल्युमिनेसन्स, म्हणजे सीएल, प्रतिमा घ्यायच्या. वेळ किंवा पैसा कमी पडत असेल तर दुसरे काहीही कापा, पण ही पायरी वगळू नका. शिलारसातून वाढलेल्या झिरकॉनमध्ये बारीक, लयबद्ध पट्टे दिसतात. मध्ये वेगळ्या पोताचा, कडा झिजलेला गाभा दिसला तर तो बहुधा जुन्या खडकातून वारशाने आलेला असतो. बाहेर पट्टे नसलेली एकरंगी किनार असेल तर ती रूपांतरणाची असू शकते. थोरियम-युरेनियम गुणोत्तर ०.१ पेक्षा कमी निघाले तर या तर्काला बळ मिळते, पण एकट्या त्या गुणोत्तरावर निर्णय देऊ नये. गाभा आणि किनार यांच्या सीमेवर ठिपका पडला की जे वय मिळते ते कोणत्याही घटनेचे नसते, तर दोन वयांची निव्वळ भेसळ असते.

७. यंत्राची निवड आणि प्रयोगशाळेचा अर्ज

लेसरने कणाचा ठिपका उडवून त्यातले अणू मोजणाऱ्या लेसर-आयसीपीएमएस पद्धतीत २० ते ४० मायक्रॉनचा ठिपका लागतो. एक मोजमाप मिनिटभराचे असते आणि दिवसात शंभराच्या पुढे ठिपके होतात, पण खड्डा बराच खोल पडतो. आयन सूक्ष्मशोधक, म्हणजे सिम्स, पद्धतीत खड्डा एक-दोन मायक्रॉन खोल असतो, त्यामुळे बारीक किनारीही सुटी मोजता येते. मात्र एका ठिपक्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात. सर्वांत काटेकोर वय हवे असेल तर रासायनिक खरवडणीसह औष्णिक आयनीकरणाची पद्धत आहे. जेम्स मॅटिन्सन यांनी २००५ मध्ये मांडलेल्या या रीतीत कण आधी ९०० अंशांच्या आसपास भाजून, हायड्रोफ्लोरिक आम्लाने त्याचा बिघडलेला भाग काढून टाकतात. त्यात अचूकता ०.१ टक्का किंवा त्याहून चांगली मिळते, पण कण नष्ट होतो. गोव्याच्या खडकांसाठी पहिली फेरी लेसरने करावी, आणि निवडक कणांसाठी सिम्सची वेळ मागावी, असे माझे मत आहे.

देशात नवी दिल्लीच्या आंतरविद्यापीठ प्रवेगक केंद्रात सिम्स सुविधा आहे, तर देहरादूनची वाडिया हिमालय भूविज्ञान संस्था आणि तिरुवनंतपुरमचे राष्ट्रीय भूविज्ञान अध्ययन केंद्र येथे लेसर पद्धतीची यंत्रे आहेत. शुल्क व प्रतीक्षा प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, म्हणून माउंट, म्हणजे कण बसवलेली गोटी, तयार होण्याची वाट न पाहता आधीच पत्रव्यवहार सुरू करा. अर्जात वैज्ञानिक प्रश्न, नमुन्यांचे स्थान, सीएल प्रतिमा आणि ठिपक्यांची संख्या द्यावी लागते. "नमुने पाठवतो, वय कळवा" अशी पत्रे कुणी गंभीरपणे घेत नाही. शक्य असेल तर स्वतः जाऊन यंत्रापाशी बसा, कारण ठिपका कुठे मारायचा हे तुमच्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक नसते.

मोजमापाच्या यादीत मानक (वय आधीच पक्के ठाऊक असलेले) झिरकॉन दोन तरी हवेत, आणि त्यांतील एक तुमच्या खडकाच्या वयाजवळचा हवा. ९१५०० हे मानक १०६५ दशलक्ष वर्षांचे आणि प्लेशोविचे ३३७ दशलक्ष वर्षांचे आहे. आर्कियन खडकासाठी पश्चिम ऑस्ट्रेलियातील ओजी-१ हे ३४६५ दशलक्ष वर्षांचे मानक अज्ञात नमुना समजून मोजले, तर यंत्र या टोकालाही खरे बोलते का ते कळते.

८. आकडे वाचणे

हाती आलेल्या तक्त्यात प्रत्येक ठिपक्याला तीन वये असतात. आर्कियन खडकासाठी शिसे-२०७ व शिसे-२०६ यांच्या गुणोत्तरावरून काढलेले वय घ्यावे, कारण त्या काळात हे गुणोत्तर झपाट्याने बदलत होते. २५०० दशलक्ष वर्षांना ते सुमारे ०.१६४ असते, तर ३००० दशलक्ष वर्षांना सुमारे ०.२२३. दीडेक हजार दशलक्ष वर्षांपेक्षा तरुण कणांसाठी शिसे-२०६ व युरेनियम-२३८ चे वय अधिक भरवशाचे ठरते.

मग सर्व ठिपके कॉनकॉर्डिया आलेखावर मांडा. जॉर्ज वेदरिल यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या या वक्ररेषेवर बसणाऱ्या बिंदूंत दोन्ही घड्याळे जुळलेली असतात. बिंदू रेषेखाली घसरलेले असतील तर शिसे गळाले आहे. आलेख काढण्यासाठी आयसोप्लॉटआर हे मोफत उपलब्ध आहे.

आता सर्वांत फसवा सापळा. गळती अलीकडे, म्हणजे आपल्या पावसाळी झिजेत, झाली असेल तर बिंदू आरंभबिंदूकडे जाणाऱ्या सरळ रेषेवर सरकतात, आणि २०७-२०६ चे वय शाबूत राहते. पण ३४०० दशलक्ष वर्षांच्या कणातून २५०० किंवा २६०० दशलक्ष वर्षांपूर्वीच्या तापण्यात शिसे गळाले असेल, तर बिंदू वक्ररेषेला जवळजवळ चिकटून खाली सरकतात. दोन घड्याळांमधली विसंगती दहा टक्क्यांच्या आत भरते, सगळे बिंदू दिसायला चांगले असतात, आणि २०७-२०६ ची वये ३४०० पासून खाली २८०० पर्यंत पसरलेली मिळतात. अशा वेळी सरासरी काढून "३१०० दशलक्ष वर्षे" लिहिणे म्हणजे कधीच न घडलेल्या घटनेला तारीख देणे होय. प्रत्येक बिंदू सीएल चित्रावर नेऊन ठेवा. पट्टेदार, कमी युरेनियम असलेल्या भागांची सर्वांत जुनी, परस्परांशी जुळणारी वये हीच गोठण्याच्या काळाला जवळची असतात.

सरासरी घेताना एमएसडब्ल्यूडी हा आकडा पाहा; बिंदूंचा विखुरलेपणा मोजमापाच्या चुकीच्या मानाने किती आहे ते तो सांगतो. तो एकच्या आसपास असावा. वीस बिंदूंसाठी साधारण ०.३५ ते १.६५ हा पट्टा स्वीकारार्ह आहे. चार-पाच आला तर एका घटनेची सरासरी तुम्ही काढलेलीच नाही. नको असलेले बिंदू एकेक वगळत तो खाली आणण्याचा खेळ पुष्कळ जण खेळतात. वगळण्याला आलेखाबाहेरचे कारण असेल, म्हणजे तडा, गाभ्याची सीमा किंवा जास्त सामान्य शिसे (युरेनियमपासून न बनलेले, बाहेरून आलेले शिसे), तरच वगळा आणि ते कारण तक्त्यात लिहा. लेसर पद्धतीत पाऱ्याचा २०४ वस्तुमानाचा समस्थानिक शिसे-२०४ च्या जागी येऊन बसतो, त्यामुळे सामान्य शिशाची दुरुस्ती प्रयोगशाळेने कशी केली हे विचारून घ्या.

सॉफ्टवेअर २६०० ± ४ असा आकडा देईल. तो जसाच्या तसा छापू नका. मानकांची आणि क्षयस्थिरांकांची अनिश्चितता धरली तर लेसर पद्धतीत एकूण एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे ± २६, लिहिणे प्रामाणिकपणाचे आहे.

९. वयावरून भूकवचाचा इतिहास

गोठण्याचे वय मिळाले की कवच कसे घडले हा प्रश्न खऱ्या अर्थाने सुरू होतो. ग्रॅनाइट नव्याने प्रावरणातून आलेल्या द्रव्याचा आहे की जुन्याच कवचाचा पुन्हा वितळलेला भाग आहे, हे वय सांगत नाही. त्यासाठी रसायन आणि आणखी दोन समस्थानिक लागतात.

आर्कियन क्रॅटॉनांत साधारणपणे आधी सोडियमप्रधान टोनालाइट-ट्रॉन्जेमाइट येतात आणि शेवटी पोटॅशियमप्रधान ग्रॅनाइट. पहिले जलयुक्त बेसाल्ट खोलवर वितळून तयार होतात. तेथे गार्नेट मागे राहिले तर स्ट्रॉन्शियम-इट्रियम व लँथेनम-यटर्बियम ही गुणोत्तरे चढी मिळतात. दुसरे बहुतांशी त्या आधीच्या पट्टिताश्मांच्याच पुनर्वितळणातून येतात. अनमोड ते काणकोण या प्रवासात हाच बदल झाला का, आणि झाला तर केव्हा, हा गोव्यातील मध्यवर्ती प्रश्न आहे. शेजारच्या कर्नाटकात क्लोजपेट ग्रॅनाइट २५१३ दशलक्ष वर्षांच्या सुमारास गोठला. काणकोणचा ग्रॅनाइट त्याच तापण्यातला आहे, की पश्चिम क्रॅटॉनमधील आधीच्या एखाद्या हालचालीतला, हे ± ३९० च्या आकड्याने कळणे अशक्य आहे आणि ± २६ ने कळू शकते.

झिरकॉनच्या त्याच ठिपक्याशेजारी हाफ्नियमचे समस्थानिक मोजले तर स्रोत जुना की नवा ते कळते. समजा, ग्रॅनाइट २६०० दशलक्ष वर्षांचा आहे आणि एप्सिलॉन हाफ्नियम (हाफ्नियमचे गुणोत्तर प्रमाण मूल्यापासून किती वर-खाली आहे तो आकडा) ठळकपणे ऋण आहे, तर शिलारस जुन्या कवचातून आला. तेच मूल्य ठळक धन असेल तर कवचात त्या वेळी नवी भर पडली. प्राणवायूच्या समस्थानिकांत प्रावरणाशी समतोल असलेला झिरकॉन ५.३ ± ०.६ प्रति हजार दाखवतो. त्याहून चढे मूल्य आले तर पृष्ठभागावर पाण्याशी क्रिया झालेले खडक स्रोतात मिसळले होते. मोजण्याचा क्रम मात्र पाळा: आधी प्राणवायू, मग युरेनियम-शिसे, आणि शेवटी मोठ्या ठिपक्याने हाफ्नियम, तेही सीएल चित्रातील त्याच पट्ट्यात. हाफ्नियमवरून निघणारे "प्रतिरूप वय", म्हणजे स्रोत प्रावरणातून केव्हा वेगळा झाला याचा अंदाज, हे गृहीतकांवर उभे असते, आणि दोन स्रोत मिसळले असतील तर ते कोणत्याच खऱ्या खडकाचे वय नसते. म्हणून प्रबंधाच्या शीर्षकात ते घालू नका.

ग्रॅनाइटबरोबर शेजारच्या अवसादी खडकाचाही एक नमुना मोजावा, असा माझा आग्रह आहे. सांवर्डेच्या ग्रेवॅकमधील सर्वांत तरुण झिरकॉन-गटाचे वय हे तो साचण्याची जुनी मर्यादा ठरवते, आणि त्याला भेदणारा ग्रॅनाइट सापडला तर तो तरुण मर्यादा ठरवतो. शिवाय त्या कणांत ३४०० च्या आसपासची वये मिळाली, तर तशा जुन्या जमिनीची झीज होऊन तिची वाळू या खोऱ्यात येत होती हे सिद्ध होते, मग आज ती जमीन जांभ्याखाली झाकलेली का असेना.

१०. नोंदी आणि उरलेला माल

वगळलेल्या बिंदूंसह सर्व मोजमापांचा तक्ता, मानकांचे निकाल, वापरलेले क्षयस्थिरांक, ठिपक्यांसह सीएल प्रतिमा आणि अक्षांश-रेखांश प्रबंधाच्या परिशिष्टात द्या. माउंट, उरलेले झिरकॉन, जड खनिजांचा भाग आणि दगडाचा एक तुकडा विभागाच्या संग्रहात नमुना क्रमांकासह जमा करून पोच घ्या. परवानगी देणाऱ्या खात्याला निष्कर्षांची एक प्रत पाठवा. पुढच्या वर्षी त्याच डोंगरावर नमुना मागायला जाणाऱ्या विद्यार्थ्याचा अर्ज त्यामुळे लवकर हलतो.